आठ वॅटचा आवाज

डुबुक्.

मुक्ताची लेखणी अर्ध्या शब्दावर थांबली. दुपारचे तीन वाजले असतील. एप्रिलातल्या तीन वाजता केडगावात कावळासुद्धा ओरडत नाही; पुण्याच्या रस्त्यानं एखादा ट्रक गेला तर खिडकीची काच थरथरते, तेवढंच. आवाज परसातून आला होता. एका थेंबाचा, एवढासा. पण तो चुकीचा होता. नळाला पाणी चार दिवसांतून एकदा यायचं आणि कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून गल्लीतल्या सगळ्या घरांनी नळ उघडे टाकून खाली रिकामी पातेली ठेवलेली असत. पहिला थेंब जर्मनच्या पातेल्यावर पडला की टण्णकन वाजायचं. त्या एका आवाजावर झोपलेली माणसं उठायची, जेवणारी ताटावरून उठायची, भांडणारी भांडण अर्धं टाकून घागरी घ्यायची. आत्ताचा आवाज टण् नव्हता. भरलेल्या भांड्यात पडलेल्या थेंबाचा होता. म्हणजे पहिला नव्हे, शेवटचा.

ती उठली नाही लगेच. उठायच्या आधीच तिला सगळं कळलं होतं, आणि कळलेलं काही क्षण तरी बघावं लागू नये म्हणून ती तशीच बसून राहिली. दुपारी सासू रेशनच्या रांगेला गेली तेव्हा मुक्तानंच पातेल्यात एका फडक्याची घडी घातली होती. तिची लेक आक्की दुपारी झोपली तर दोन-तीन तास झोपते, आणि टण् झालं की दचकून उठते. मग ती दुपार गेलीच. आपण जाग्याच आहोत, नळ आधी फुसफुसतो, तेवढं आपल्याला पुरे आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. कान परसाकडे ठेवूनच ती लिहायला बसली होती. कान तिथं राहिलेही असतील. ती मात्र मंगळाच्या पलीकडे गेली होती, दगडधोंड्यांच्या त्या पट्ट्यातून तिच्या लेखातलं यान सात महिने कसं सुखरूप चाललं ते लिहीत होती. एक वाक्य कसं अगदी मनासारखं उतरलं होतं. ते वाक्य उतरत असताना बाहेर नळ फुसफुसला असेल, धार लागली असेल, पातेलं भरलं असेल, सांडलं असेल, मोरीतून गटारात गेलं असेल. किती वेळ? अर्धा तास? एका वाक्याला?

परसात ऊन पांढरंफेक पडलं होतं. पातेलं काठोकाठ भरलेलं, त्यात तिचं फडकं फुगून वर आलेलं. मोरीचा दगड ओला होता आणि तिथं दोन चिमण्या एकमेकींना ढकलून पीत होत्या. त्यांना हाकलावंसं तिला वाटलं आणि आपल्याला तसं वाटलं याची लाज वाटली. माठात तळाशी तांब्याभर होतं. दोन घागरी, कळशी, पत्र्याची टाकी, सगळं कोरडं. चार दिवस.

"भरलं का गं मुक्ता?" भिंतीपलीकडून रंगुबाईचा आवाज आला. रंगुबाई शेजारीण, पन्नाशीची, तिचं डोकं भिंतीवर दिसायच्या आधी बोलणं ऐकू यायचं. "आज लई जोर हुता बाई. आमी तर वाट्यासुदिक भरून ठिवल्या."

"हो मावशी, भरलं."

खोटं इतकं सहज तोंडातून गेलं की तिला स्वतःलाच ते ऐकून आश्चर्य वाटलं. रंगुबाई समाधानानं खाली गेली. मुक्तानं फडकं पिळलं. पिळलेलं पाणीही पातेल्यातच पडेल असं पिळलं.

खोलीत आक्की अजून झोपलेली होती, उघड्या तोंडानं, कपाळाला केस चिकटलेले. साडेचार वर्षांची. तिचं नाव सासूनं आपल्या आईवरून ठेवलं होतं, आक्काबाई. चिमुरड्या पोरीला ते फार मोठं होतं, अंगात थोरलीचा झंपर घातल्यासारखं, म्हणून आक्की. तिच्या पायाशी कागद पसरलेले होते. रेल्वेचे छापील फॉर्म, मागून कोरे. सहादेव मालधक्क्यावर कारकून होता. रद्दीत निघालेले फॉर्म तो घरी आणायचा. तसंच वेटिंगरूममध्ये कुणी विसरून गेलेले इंग्रजी पेपरही आणायचा, घडी करून, काखेत धरून, जणू भाजीच. "हे घे, तुझं," एवढंच म्हणायचा. तिनं नगरच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं होतं, राहात्याहून येऊन, बोर्डिंगात राहून, हे सहादेवाला लग्नाआधी माहीत होतं आणि त्याचा त्याला अभिमानही होता. पण त्या शिक्षणाचं पुढं काय करायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि खरं तर तिलाही नाही. ती ते जपून ठेवायची. ट्रंकेत लग्नाचा शालू ठेवतात तसं. अधूनमधून ऊन दाखवायचं.

मागच्या वर्षी, बहात्तरच्या मार्चात, असाच एक पेपर आला आणि त्यात ते यान होतं. पायोनियर दहा. अमेरिकेनं गुरूकडे सोडलेलं. त्याच्या आधी कुणीही मंगळाच्या पुढं काही पाठवलं नव्हतं. अकरा तासांत ते चंद्र ओलांडून गेलं, हे वाचलं तेव्हा तिच्या हाताला पीठ होतं. पेपरावर तिच्या बोटांचे ठसे अजून आहेत. पुढं डिसेंबरात ते गुरूपाशी पोचणार, आणि गुरूच त्याला असा हिसडा देणार की ते सूर्याच्या कह्यातूनच सुटेल. मग जात राहील. परत येण्याची काही सोयच त्यात ठेवलेली नव्हती. वृषभ राशीकडे, रोहिणीच्या वाटेनं, लाखो वर्षं. आणि त्याचा आवाज किती, तर आठ वॅटचा. घरातला शून्याचा दिवासुद्धा त्याहून मंद नसतो. एवढ्या आवाजात ते तिकडून बोलतं आणि इकडं माळावर मोठमोठ्या तबकड्या लावून माणसं ते ऐकत बसतात. हे वाचून तिला चुलीपुढं रडू आलं होतं, आणि का आलं ते तिला वर्षभर कळलं नव्हतं.

त्याच पेपरात ते चित्र होतं. यानावर एक पत्रा बसवला आहे, त्याच्यावर एक पुरुष आणि एक बाई कोरलेली आहे, उघडी, अंगावर चिंधी नसलेली. कधी काळी कुणाला सापडलंच तर आम्ही असे आहोत हे कळावं म्हणून. पत्रा ॲल्युमिनियमचा. म्हणजे आपलं जर्मनच, वर सोन्याचं पाणी दिलेलं. मुक्तानं ते चित्र कापून डब्यात ठेवलं आणि तीळ शोधताना सासूच्या हाती लागलं.

"ही नागडी मान्सं कोन?" राहीबाईनं विचारलं होतं. चिडून नाही, चौकशीनं.

"अमेरिकेनं वर पाठवलीत, आत्याबाई. चित्र. चांदण्यांकडे."

"कापडाचा बी दुष्काळ पडला म्हन की तिकडं." आणि थोडं थांबून, "पोरीच्या हाती लागंल. नेसीव त्यास्नी."

म्हणून मुक्तानं चित्राची नक्कल करताना बाईला लुगडं नेसवलं आणि बुवाला धोतर. राहीबाईनं ते लांब धरून पाहिलं आणि म्हणाली, "पदर घे की डोईवर. परमुलखात चाललीय." पदरही काढला. यान कुठवर गेलंय हे राहीबाई मग अधूनमधून विचारू लागली, गावाला गेलेल्या माणसाचं विचारावं तसं. रोहिणीकडे जाणार असं कळल्यावर म्हणाली, "रोहिनीला पोचलं की पावसाचं ईचार म्हनावं. मिरगाची बी वाट बघायला लावती ती." रेशनवरच्या मिलोची, त्या लाल जोंधळ्याची, भाकरी थापत म्हणाली. तोही तिकडून जहाजानं आलेला. अमेरिका म्हणजे राहीबाईच्या लेखी हे दोनच: मिलो आणि ती दोन माणसं.

आणि आता पुण्याच्या मासिकाचं कार्ड आलं होतं. मुक्तानं धीर करून दोन पानांचा नमुना पाठवला होता, त्यावर संपादकांचं उत्तर: लेख पुरा करा, वीस तारखेच्या आत हाती पडला तर जूनच्या अंकात नक्की घेतो. आज सतरा. उद्या सकाळी सहादेव पावणेसहाला निघणार, जाताना स्टेशनवरच्या टपालात टाकणार. उद्या नाही गेला तर पोचणार नाही. सात पानं झाली होती. आठवं, शेवटचं राहिलं होतं. त्या चित्राबद्दलचं. तेच येत नव्हतं. तीन दुपारी झाल्या, तिथंच अडत होतं. त्या चित्रातल्या पुरुषानं हात वर केलेला आहे, पंजा उघडा, नमस्कार-चमत्कार करावा तसा. बाईनं नाही. तिचे दोन्ही हात खाली. ती नुसती उभी आहे, एक पाय जरा दुमडून, त्याच्याकडे किंचित कलून. माणूस म्हणजे काय हे सांगायला दोघांना पाठवलं, आणि बोलायचं काम एकाला दिलं. हे मुक्ताला लिहायचं होतं. पण लिहिलं की ते तक्रारीसारखं दिसायचं, खोडलं की चित्राचं नुसतं वर्णन उरायचं. मधलं काहीतरी होतं. ते मधलं आज दुपारी येईल असं वाटलं होतं, आणि म्हणून फडकं.

राहीबाई चारला आली. डोक्यावर मिलोची पिशवी, पायात वहाणा नाहीत, गुडघा धरून उंबऱ्यावर बसली. पाणी मागितलं. मुक्तानं तांब्या दिला. राहीबाईनं दोन घोट घेतले आणि सवयीनं उरलेलं परत माठात ओतायला म्हणून माठात पाहिलं. मग परसात गेली. मुक्ता दाराशी उभी राहिली. सांगायचे शब्द तिनं जमवून ठेवले होते, पण राहीबाईनं तिच्याकडे पाहिलंच नाही. मोरीचा दगड पाहिला, तो आता वाळला होता, पण भोवतीची माती गडद होती. पातेलं पाहिलं. दोरीवर वाळत घातलेलं फडकं पाहिलं. हात लावून पाहिलं.

"आत्याबाई, आक्की उठू नये म्हणून मी..."

"रंगीचं भरलं?"

"हो."

राहीबाईचं माहेरचं गाव मुळेच्या धरणात गेलं होतं. घर, चिंच, मारुती, सगळं पाण्याखाली. यंदा पाणी इतकं खाली गेलं की मारुतीचा कट्टा वर आलाय असं कुणीतरी सांगत आलं होतं, तेव्हा ती दिवसभर काही बोलली नव्हती. आता ती सरळ कोपऱ्याकडे वळली. थोरली घागर उचलली, चुंबळ शोधली, दोर खांद्यावर टाकला. रेल्वेलाइनीपलीकडच्या मळ्यात विहीर होती, मैलभर. मळेकरी दिवस मावळेपर्यंत घरटी दोन घागरी नेऊ द्यायचा.

"मी जाते. तुमचा गुडघा..."

"तू लिव्ह," राहीबाई म्हणाली. "कागद ऱ्हायलाय न्हवं तुझा."

आणि गेली.

मुक्ता कागदापुढे बसली. तू लिव्ह. यापेक्षा तिनं दोन शिव्या दिल्या असत्या, रंगुबाईला ऐकू जाईल असं बोलली असती, तर बरं झालं असतं. भांडणाला तोंड असतं, त्याला उत्तर देता येतं. साठीची बाई, सुजलेला गुडघा, दोन तास रांगेत उभी राहून आलेली, आता मैलभर जाणार आणि मैलभर भरली घागर घेऊन येणार, आणि सून लिहिणार. सगळी गल्ली बघणार. संध्याकाळी सहादेव येईल, आईकडे बघेल, मग हिच्याकडे बघेल, आणि रागावणार नाही. "राहू दे थोडे दिवस, पाऊस पडला की लिही," असं म्हणेल, अगदी मायेनं. पाऊस पडला की पेरणीला गावाकडे जावं लागेल. मग आक्कीची शाळा. मग कदाचित दुसरं मूल. थोडे दिवस म्हणजे किती, हे कुठल्या फिजिक्सच्या पुस्तकात दिलेलं नसतं. तिनं लेखणी शाईत बुडवली. चित्रातल्या स्त्रीचा हात, असं लिहिलं. खोडलं. तिला स्वतःची चीड आली, मग नळाची, मग आठ वॅटची. ऐकायला एवढ्या तबकड्या आहेत म्हणून आठ वॅट पुरतात. नाहीतर आठ वॅट म्हणजे काय? एका खोलीतून दुसऱ्या खोलीतसुद्धा पोचत नाहीत. आणि इकडून त्याला काही सांगायचं तर तिथं पोचायला अर्ध्या तासाहून जास्त, त्याचं उत्तर यायला तेवढाच वेळ. मधल्या काळात ते कुठल्या कुठं पुढं गेलेलं असतं. या घरातही तसंच आहे. राहीबाईला दुपारी काही विचारावं तर उत्तर दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना येतं, आणि तोवर विचारणारी ती उरलेली नसते.

पाच वाजून गेले. पान कोरंच होतं. कोरं नव्हे, खोडलेलं. आक्की उठली, पाणी मागितलं, पातेल्यातलं दिलं. मुक्तानं कळशी उचलली.

"आक्के, इथंच बस. मावशी आहे भिंतीपलीकडं. मी आजीला घेऊन येते."

रंगुबाईला हाक मारून तिनं सांगितलं. रंगुबाई म्हणाली, "भरलं म्हनलीस की गं मगाशी?" मुक्तानं न ऐकल्यासारखं केलं.

लाइन ओलांडून ती जवळजवळ पळतच गेली. राहीबाई अर्ध्या वाटेत भेटली, एका वाळल्या बाभळीखाली घागर उतरवून बसलेली, पदर तोंडावर. घागरीच्या तोंडाला लिंबाचा पाला लावलेला, पाणी हिंदकळू नये म्हणून. मुक्ताला पाहून तिनं पदर काढला.

"झालं का लिवून?"

"नाही."

"मंग?"

"तुम्हाला न्यायला आले. द्या, घागर मी घेते."

राहीबाई तिच्याकडे बघत राहिली. दुपारपासून पहिल्यांदा सरळ बघत होती, आणि आत्ता तिच्या डोळ्यांत राग होता, नीट पेटलेला.

"मला न्यायाला. म्या काय वाट चुकले का? आगं, उजेड हाय तवर लिवशीन म्हनून म्या निघाले. सहादेव उद्या पाटंचा जानार. आन् तू कळशी हालवत आली." तिनं घागरीवर हात आपटला, पाला हलला. "पानी गेलं ते गेलं. आता कागद बी घालीव. दोनी हातानं घालीव."

मुक्ता उभीच राहिली. तू लिव्ह. म्हणजे लिहीच. एवढंच होतं ते. तासाभरापूर्वी दारातून निघालेलं वाक्य तिला आत्ता, या बाभळीखाली पोचलं होतं, आणि मधला सगळा उजेड तिनं स्वतःला छळण्यात घालवला होता.

"मला वाटलं, तुम्ही रागानं..."

"राग हाय की. राग का नसंल? फडकं घालती पातेल्यात. असली अक्कल बी.एस्सी.ला शिकवित्यात?" राहीबाई उठायला लागली, गुडघ्यानं साथ दिली नाही, मुक्तानं हात दिला तो तिनं घेतला. "राग येगळा, काम येगळं. धर, उचलू लाग."

मुक्तानं घागर स्वतःच्या डोक्यावर घेतली. राहीबाईनं कळशी घेतली, रिकामी. विहिरीपर्यंत पुन्हा जायला आता वेळ नव्हता. दिवस लाइनीच्या खांबांना टेकला होता. दोघी चालत राहिल्या. घागरीचं ओझं मानेतून पाठीत उतरत होतं आणि मुक्ताला वाटत होतं, आता लिहिता येईल. चूल पेटायच्या आधी, सहादेव यायच्या आधी, एक पान. ते मधलं काय होतं ते तिला आता दिसल्यासारखं झालं होतं. हात खाली असलेली बाई बोलत नाही असं कुणी सांगितलं? ती कदाचित बोललीय, फक्त ते पोचायला वेळ लागतोय. असं काहीतरी. ती ते ओठांनी घोळवत राहिली, घागर सांडू नये तसं जपत.

"यान कुठवर गेलं गं?" राहीबाईनं मागून विचारलं.

"दगडांतून निघालं. आता मोकळं आहे."

"दगडातून निघालं," राहीबाई म्हणाली. "चांगलं झालं."

घरी आक्की जमिनीवर पालथी पडून, जीभ बाहेर काढून, लेखणीनं काहीतरी गिरवत होती. बोटं शाईनं निळी. रंगुबाई भिंतीवरून म्हणाली, "लई गुनाची पोर, आवाज न्हाई केला." मुक्तानं घागर उतरवली आणि पाहिलं. लेखाबरोबर पाठवायची म्हणून दोन दुपारी खपून पक्क्या शाईत काढलेली त्या चित्राची नक्कल होती ती. लुगडं, पदर, धोतर. दुसरी नव्हती, कोरा कागदही आता एकच उरला होता, आठव्या पानासाठी ठेवलेला. आक्कीनं बाईच्या खाली सोडलेल्या हातात एक घागर काढली होती. मोठी, बाईच्या कमरेएवढी, गळा वाकडा. शाई अजून ओली होती.

मुक्ताला ओरडायचं होतं. तोंड उघडलंही. राहीबाई वाकून बघत होती, कळशी हातातच.

"आई, हिची घागर काढायची ऱ्हायली होती," आक्की म्हणाली. "मी काढली."

"का काढलीस?"

"हात खाली हायेत ना. म्हणून." मग बुवाच्या वर केलेल्या पंजावर तिनं निळं बोट ठेवलं. "हा बघ, टाटा करतोय तिला. ती पाण्याला चाललीय."

खोलीत उजेड उरला होता, एका पानापुरता. मुक्तानं आठव्या पानाचा कागद पुढं ओढला, लेखणी आक्कीच्या हातातून सोडवून घेतली, आणि बुडवली. आक्की तिच्या मांडीवर रेलली, चित्राकडे बघत, ओल्या शाईवर फुंकर घालत. मग मान वर करून, घरात रोज विचारतात तसं, साध्या आवाजात तिनं विचारलं,

"पाणी मिळालं की ती घरी येईल ना गं, आई?"